तलावाची बाजू घेणारे वांदिले सर

वांदिले सरांना वाटेत कुणी नमस्कार केला, की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. पाय ओले दिसले, की विचारत, "तलावावरून येतोस का रे? पाणी कसं आहे?" घरात कुणी आजारी असलं की आपण विचारतो ना, त्या सुरात. गावच्या लोकांना याची सवय झाली होती. "हिरवं हाय, सर," असं म्हणून ते पुढं जात, आणि सर खूष होत. मी त्या शाळेत नवी रुजू झाले होते, सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. पहिल्या आठवड्यात माझं मत झालं, की हा माणूस थोडा चक्रम आहे. ते मत मी पुढं बदललं, पण पूर्ण बदललं असं नाही म्हणणार.

आमचं गाव सेलू आणि केळझरच्या मधे, सडकेपासून जरा आत. गावाच्या उताराला मोठा तलाव. एका अंगाला मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, दुसऱ्या अंगाला दगडी पायऱ्यांचा घाट, तिथं बाया धुणं धूत. शाळा कौलारू. मी मराठी शिकवायची, सर विज्ञान. राहायलाही आम्ही एकाच घराच्या दोन भागांत, भाड्यानं. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलीच नव्हती, त्यामुळं इकडं फोडणी पडली की तिकडं शिंक यायची. सरांची बायको सुमनताई, माहेर गिरडचं, बोलायला मोकळी. आणि त्यांची एकुलती एक रंजू.

सर उंच, थोडे पुढं झुकलेले. सदऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे आणि सुपारी एकत्रच असत, आणि बोलण्याच्या नादात एकदा तरी त्यांनी खडू तोंडात टाकलेला मी पाहिलाय. बोलणं हळू, एकेक शब्द सुटा. शाळेत शुद्ध बोलत, घराच्या पायरीवर पाय ठेवला की वऱ्हाडी सुरू. प्रश्न विचारला की या माणसाला दुसरं काही सुचत नसे. एकदा गुराख्यानं सहज विचारलं, की उकिरडा आतून गरम काऊन राह्यते? सर तिथंच शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसले. बिचाऱ्याची गुरं दुसऱ्याच्या तुरीत शिरली, शिव्या खाल्ल्या त्यानं, पण उत्तर पुरं ऐकल्याशिवाय त्याची सुटका झाली नाही.

आणि सगळ्यांत लाडका विषय म्हणजे प्राणवायू. पुस्तकात एवढंच छापलेलं, की झाडं प्राणवायू देतात. सरांना ते पुरत नसे. एका पावसाळ्यात वृक्षारोपणाला वर्ध्याहून कुणी साहेब आले होते. हार गळ्यात, हातात आंब्याचं रोप. म्हणाले, आपला प्रत्येक श्वास ही झाडांची देणगी. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या आणि वांदिले सर उभे. "साहेब, निम्मा म्हणा," असं अगदी नम्रपणे म्हणाले. मग सुरू झाले. उरलेला निम्मा पाण्यातला. समुद्रात डोळ्यांना दिसतही नाहीत असे हिरवे कण आहेत, ते उन्हावर दिवसभर प्राणवायू करत असतात, आणि तो वर येऊन हवेत मिसळतो. पृथ्वीवर एक झाड नव्हतं, गवताची काडी नव्हती, तेव्हाही पाण्यातलं हे हिरवं आपलं काम करत होतं. त्यानं हवा श्वास घेण्याजोगी केली तेव्हा कुठं बाकीचे आले. झाडं ही मागून आलेली मंडळी. साहेबांच्या हातातलं आंब्याचं रोप तसंच. मुख्याध्यापकांनी मला डोळ्यानं खुणावलं, यांना बसवा. मी सदरा ओढून बसवलं. खाली बसता बसता मला म्हणतात, "बाई, त्यांना राग आला का?" मी म्हटलं, राग कसला, त्यांना भूक लागलीय.

पोरांनी त्यांचं नाव 'शेवाळ सर' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

दर वर्षी पाऊस सरला आणि ऊन खणखणीत पडू लागलं, की सातवीच्या वर्गात प्रयोग व्हायचा. लोणच्याची मोठी काचेची बरणी पाण्यानं भरायची, तळाशी तलावातलं पाणगवत. खरं तर ते शेवाळ नव्हे, असं सर दर वेळी सांगत, पण गावात पाण्यातलं हिरवं ते सगळं शेवाळच. त्यावर उपडी चाडी, म्हणजे काचेचं नरसाळं, चाडीच्या नळीवर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. बरणी उन्हात. थोड्या वेळानं पानांवरून बारीक बुडबुडे सुटत आणि एकेक वर जात. नळीचं टोक भरलं, की सर उदबत्ती पेटवून विझवत, नुसता लाल ठिपका राहू देत, आणि ती नळीत घालत. उदबत्ती झप्पकन पेटे. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं चक्क हात जोडले. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, जोड, जोड, हात जोडण्यासारखंच आहे ते.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी पाणगवत आणायला सर आणि रंजू जात. सरांना पोहता येत नव्हतं. ते शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून रंजूच्या फ्रॉकचा पट्टा मागून घट्ट धरत, आणि ती वाकून मुठी मुठीनं हिरवं ओढून काढी. बापलेकीचा हा सोहळाच असे. परत येताना तिचा फ्रॉक पुढून चिंब, आणि सुमनताई दारातच ओरडायला उभ्या.

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. रंजू चौथीत होती. दुसऱ्या दिवशी प्रयोग होता आणि सर मुख्याध्यापकांबरोबर सेलूला गेले होते, यायला उशीर होणार होता. कुणाला न सांगता पोर एकटीच तलावावर गेली.

दिवे लागायच्या आधी किसना ढिवरानं तिला बाहेर काढलं. सगळं गाव घाटावर. लोक म्हणत होते, शेवाळात पाय अडकला, शेवाळानं ओढली. सर तेवढ्यात पोचले. ते तिच्याजवळ बसले. तिची उजवी मूठ वळलेली होती. त्यांनी ती हळूच उघडून पाहिली, आत पाणगवत होतं. त्यांनी ती मूठ पुन्हा मिटवली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. त्याचा अर्थ मला कळला, कारण मी अगदी शेजारी उभी होते. आणि सुमनताईंना कळला. बाकी कुणाला नाही. 

तेरवी झाली आणि मारुतीच्या पारावर सभा बसली. गाव वाईट नव्हतं, उलट फार मायेचं होतं, आणि मायेपोटीच त्यांनी ठरवलं, की तलावातलं हे शेवाळ मारून टाकायचं. ज्यांचे संत्र्याचे बगिचे होते त्यांच्या घरी मोरचूद असायचंच, झाडांवर मारायला. सरपंच म्हणाले, ज्यानं त्यानं घरचं मोरचूद आणावं, तलावात ओतू, एक पान हिरवं राहणार नाही. सरांच्या पोरीचा बदला घेऊ, असा शब्द वापरला नाही कुणी, पण सूर तोच होता. किसनाचं सगळं पोट त्या तलावावर, मासे आणि शिंगाडे. तोही उठून म्हणाला, टाका, आमी पाहून घेऊ आमचं. बाया एका अंगाला बसल्या होत्या. त्यांच्यात सुमनताई, दोन्हीकडून दोघींनी धरलेल्या.

मग सर उठले. सगळ्यांना वाटलं, हात जोडतील आणि आभार मानतील. त्यांनी हात जोडले खरे. म्हणाले, "टाकू नका."

कुणाला काही समजेना. सर हळू बोलत होते, नेहमीसारखे, पण एकेका शब्दाला धाप लागत होती. म्हणाले, हे हिरवं मेलं की सडेल. सडताना पाण्यातला सारा प्राणवायू खाऊन टाकेल. मग मासे वर येतील, तोंडं उघडी टाकतील आणि मरतील. पाणी मरेल. "त्यानं काही केलं नाही," असं ते म्हणाले, "ते बिचारं दिवसभर प्राणवायूच करत असते." घाटाजवळचं शेवाळ मी स्वतः काढत जाईन, पोराबाळांसाठी पाणी मोकळं ठेवीन, पण तलाव मारू नका.

बाप म्हणतो म्हटल्यावर कोण काय बोलणार. सरपंचानं मान खाली घातली. सभा उठायच्या बेतात होती, तेवढ्यात बायांमधून सुमनताई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर खाली आलेला, डोळे कोरडे.

"इतकं देते म्हंता ते पाण्यात," त्या सरांना म्हणाल्या, "मंग माह्या पोरीले काऊन नाई देल्लं?"

 सर तोंड उघडून उभे.  मग ते मटकन खाली बसले. सुमनताई वाट पाहत थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि घराकडं चालू लागल्या. असा जिव्हारी लागणारा टोमणा मी जन्मात ऐकला नव्हता. सगळ्या गावाला तेच वाटलं. पोर ज्याच्यापायी गेली त्याचीच बाजू घेणाऱ्या नवऱ्याला भर सभेत बायकोनं थोबाडीत मारली, असंच गाव पुढं कित्येक वर्षं सांगत राहिलं.

त्या दिवसापासून त्यांचा अबोला सुरू झाला.

अबोला म्हणजे रुसवा नव्हे. घर चालू होतं. भाकरी वेळेवर होई, सरांचे कपडे धुतलेले असत, आजारपणात काढे मिळत. फक्त सुमनताई सरांशी एक शब्द बोलत नसत, आणि सरही तोंड उघडत नसत. निरोप सगळे माझ्यामार्फत. "बाई, त्यायले सांगजा, भाकर झाली." सर तिथंच, खाटेवर. मी सांगायची, सर, भाकरी झाली. सर म्हणत, "बाई, त्यायले म्हणा, आलो." दोघांच्या मधे चार हातांचं अंतर नाही, आणि मी आपली शाळेच्या वह्या बाजूला ठेवून इकडून तिकडं. एकदा तर फार चिडले. म्हटलं, मी काय टपालखात्यात नोकरीला आहे का? दोघंही ओशाळले. संध्याकाळी माझ्या ओट्यावर झाकून ठेवलेला झुणका आला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले, की सुमनताई मांजरीशी बोलत. "मांजरे, त्यायले म्हण, दळण आणा लागते." हे मला शेजारणीनं हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

संक्रांतीला त्या साऱ्या आळीला तिळगूळ वाटत, गोड बोला म्हणत. सरांची वडी फडताळात बशीत ठेवून देत, न बोलता. सर ती घेऊन ओसरीवर बसत आणि फार वेळ चघळत. मी एकदा सुमनताईंना म्हटलं, अहो, आजच्या दिवशी तरी बोला. त्या म्हणाल्या, "मी बोलली होती, बाई. आता त्यायची पाळी हाय." मला वाटलं, माफी मागायला हवी आहे. मी सरांना तसं सुचवलंही. सर म्हणाले, माफी कशी मागू बाई, तेवढी लहान गोष्ट आहे का ती?

रविवारी सर घाटावर जात. किसना त्यांच्या कमरेला दोर बांधी, दुसरं टोक स्वतःच्या हातात धरी, आणि पोहता न येणारा हा माणूस छातीभर पाण्यात उतरून विळ्यानं पाणगवत कापी. बायांना धुण्याला आणि पोरांना डुंबायला पाणी मोकळं. हे त्यांनी कधी चुकवलं नाही. थंडीत हातपाय काळेनिळे पडत. ओल्या गवताचा ढीग काठावर टाकून ते त्याच्याकडं बघत बसत. त्यांच्या पायांवरून पाणी निथळत असे, आणि आता वाटेत कुणाला ते तलावाचं विचारत नसत. 'शेवाळ सर' हे नावही पोरांनी आपणहून टाकून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं. पोरांना कळतं.

बाकी शिकवणं तसंच होतं, एक धडा सोडून. तो आला की सर माझ्याकडं येत. "बाई, तेवढा एक तुम्ही घ्या." मी मराठीची बाई. प्राणवायूचा धडा मी कवितेसारखा वाचून दाखवायची, प्रयोग नाही, काही नाही. पोरं जांभया देत. एकदा एका मुलानं विचारलं, झाडं दिवसा प्राणवायू देतात तर रात्री काय करतात? मला काय ठाऊक. मी फळ्याकडं वळून खडू शोधायचं नाटक केलं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. सर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. रात्री ऊन नसतं, म्हणून झाडं देत नाहीत, आपल्यासारखी घेतात, पण दिवसभर जितकं देतात त्यापुढं ते घेणं थोडं असतं, असं ते तिथूनच समजावत राहिले. वर्गात काही आले नाहीत. मुलं खिडकीकडं माना करून ऐकत होती. उत्तर पुरं झालं, तसे ते निघून गेले.

अशी वर्षं गेली. गावात कुणाकडं टीव्ही आला, सडक डांबरी झाली. किसनाचा मुलगा जाळं टाकू लागला. सर निवृत्त झाले, त्याच घरात राहिले. मग त्यांना कावीळ झाली आणि ती हटेना. वर्ध्याच्या दवाखान्यातून आणलं तेव्हा अंगावर नुसती कातडी उरली होती. रविवारी घाटावर आता किसनाचा मुलगाच उतरू लागला होता. आणि नेमकी तेव्हाच माझी बदली आर्वीला झाली. मनातून मला सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या घरातलं ते मुकं दुःख माझ्याही अंगात शिरलं होतं.

निघायच्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेले. सामान एस्टीच्या थांब्यावर गेलं होतं. सर ओसरीवर खाटेवर पडलेले, डोळे पिवळे. मी म्हटलं, सर, येते आता. त्यांनी मला बसायची खूण केली. म्हणाले, बाई, तुम्ही चालल्या, आता निरोप कोण देणार. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, मांजर आहेच की. ते हसले नाहीत.

"बाई, जाता जाता एवढा एक निरोप द्या," ते म्हणाले. "त्यायले सांगा, पाण्यात प्राणवायू असते. पण विरघळून असते, मिठासारखं. माशाले कल्ले असतात, म्हणून त्याले ते घेता येते. माणसाच्या छातीले नाई घेता येत." थोडं थांबले, दम घेतला. "पोरीच्या चारी अंगानं होतं ते. तिले घेता येत नव्हतं, बाई. त्या हिरव्यानं नाई देल्लं असं नाई."

मला रडू फुटलं. कसंबसं आवरून मी आत जायला वळले, तर सुमनताई दारातच उभ्या. हातात पाण्याचा पेला. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "ऐकलं मी."

हे त्या मला म्हणाल्या नव्हत्या. त्या थेट सरांकडं बघत होत्या. सरांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"हे तवाच काऊन नाई सांगतलं?" त्या म्हणाल्या.

"मले वाटलं..." सर म्हणाले.

"मी भांडली नव्हती," सुमनताई म्हणाल्या. "मी इचारलं होतं."

सरांनी तोंड भिंतीकडं केलं. त्यांची पाठ हलत होती. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, पोर गेली तेव्हाही नाही. मी खांबाला धरून उभी राहिले. मला सुमनताईंचा राग आला, सरांचा आला, सगळ्या गावाचा आला, एक साधा प्रश्न कुणालाच ऐकू आला नाही म्हणून. सुमनताईंनी पेला खाली ठेवला. खाटेच्या कडेला बसल्या आणि सरांच्या पायांवरची गोधडी सारखी केली.

मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "तिले लय तरास झाला असन का हो?"

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता पायऱ्या उतरले. नंतर मला सरांना पाहायला मिळालं नाही, आर्वीला पोचून महिना होतो न होतो तोच ते गेल्याचं कळलं. पण त्या दुपारी अंगण ओलांडून जाईपर्यंत मागून त्यांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. सुमनताई मधेच काही विचारत, आणि सर थांबून थांबून, एकेक शब्द सुटा करून सांगत होते.